एकाहत्तर सालची सात चित्रं

दाजी उंदराच्या लेंड्या अंगठ्यानं चोळत होते.

माझ्या हळदीच्या गोदामाला माळा आहे. त्या दिवशी सकाळी शिडी चढून वर डोकं काढलं तर पहिलं दिसलं ते हे. मांडीवर एक चित्र उपडं घेतलेलं, बाजूला कागदाच्या पुडीत वाळक्या लेंड्या. त्यातली चिमूट उचलायची, चौकटीच्या खाचेत घालायची आणि वरून ओला अंगठा फिरवायचा. अंगठा ओला करायला पाणी कुठं होतं? जिभेवर फिरवत होते.

मी उरलेल्या दोन पायऱ्या चढून वर आलो.

"दाजी, हे काय चाललंय?"

"हणमंतराव होय? जरा उजेडातनं बाजूला व्हा."

"घरात ओल आहे, चित्रं माळ्यावर ठेवतो, असं तुम्ही म्हणाला होता."

"आहेच की ओल."

"आणि ह्या लेंड्या?"

"मुंबईच्या बाईंनी सांगितलंय." त्यांनी परत अंगठा चाटला. "समोरनं चित्र सगळेच बघतात. जाणकार माणूस आधी पाठ बघतो. पाठ जुनी पाहिजे."

मी ते चित्र त्यांच्या हातातून घेतलं आणि सुलटं केलं. खालच्या कोपऱ्यात सही, सहीशेजारी साल. ७१.

"हे एकाहत्तरचं?"

"हो."

"रंगाचा वास येतोय अजून."

"म्हणून तर तुमच्या हळदीत आणून ठेवलं. तुमच्या मालापुढं कुणाचा वास टिकतोय?"

एवढं बोलून ते हसले. आमच्या धंद्यात जुना माल नवा म्हणून खपवणारे मी पोत्यानं बघितलेत, एकदोघांच्या मांडीला मांडी लावून जेवलोयही. पण नवा माल जुना म्हणून खपवणारा हा पहिलाच, आणि तो आमच्या आक्काचा नवरा.

श्रीधर पिसाळ हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. चौकोनवाले पिसाळ. माणूस बघितला की माझ्या डोक्यात आपोआप दोन रकाने पडतात, एक जमेचा, एक नावेचा. दाजींच्या जमेला त्यांचा हात. पट्टी न लावता वीतभर सरळ रेघ ओढायचे. नावेला लिहायचं तर मला पान उलटावं लागेल, म्हणून मी त्या वाटेला फारसा जात नसे.

तरुणपणी ते वाईचे घाट रंगवायचे. कृष्णेच्या पायऱ्या, देवळं, मागं पांडवगड. चित्र बघून माणूस म्हणायचा, अरे, हा तर आपल्या परटाचा धुण्याचा दगड. आक्काशी लग्न ठरलं तेव्हा आमच्या वडलांनी असलंच एक चित्र बघून होकार दिला. मग एकाहत्तरच्या अखेरीस त्यांना मुंबईला कापडगिरणीत डिझाइन खात्यात नोकरी लागली आणि डोंगर बंद पडले. चौकोन सुरू झाले. डावीकडे तांबडा चौकोन, उजवीकडे तेवढाच तांबडा चौकोन, मध्ये निळी पट्टी. चादरीसारखी घडी घातली तर काठाला काठ लागावा. तीस वर्षं हेच. कधी तांबड्याच्या जागी हिरवा. गिरणी बंद पडल्यावर वाईला परत आले, तरी खिडकीकडं पाठ करून चौकोनच काढत बसायचे.

मग मुंबईहून रोहिणी ताम्हाणे बाई आल्या. त्यांची तिकडं आर्ट गॅलरी. मऊ बोलणं, पांढरी सुती साडी, आणि घरात पाऊल टाकल्यापासून प्रत्येक वस्तूवर अशी नजर, की आक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा तोही आता उचलून मुंबईला नेतात की काय असं मला वाटलं. दाजींच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन करायचं ठरलं. सोबत पुस्तक. पुस्तक लिहायला डॉक्टर टिपणीस. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. चित्रांवर लिहिणारे, मोठ्या मानाचे आणि खरंच सज्जन. त्या सगळ्यांत सज्जन तेवढे एकटेच, आणि घोटाळा झाला तो त्यांच्या सज्जनपणामुळं.

त्यांनी सगळी चित्रं साल लावून भिंतीला ओळीनं उभी केली. इकडं घाट, तिकडं चौकोन. मधल्या रिकाम्या भिंतीकडं बघत म्हणाले, "पिसाळसाहेब, इथलं कुठं आहे?"

"इथलं नाहीच."

"म्हणजे?"

"गिरणीत दिवसभर आलेखाच्या कागदात चौकोन भरायचो. घरी आल्यावर डोंगर काढायला हात उठायचा नाही. तेच चौकोन मोठे करून रंगवले, ते एकानं विकत घेतले. मग डोंगर राहिले."

मला हे उत्तर चोख वाटलं. टिपणिसांना दुखलं. "असं होत नाही हो. एवढा कलावंत घाटावरनं चौकोनावर एका उडीत जात नाही. मधे शोध असतो. डोंगराचा त्रिकोण कसा झाला, पायरीची पट्टी कधी झाली... ती चित्रं असणारच. तुम्ही विसरलाय. शोधा, माळ्याबिळ्यावर शोधा."

दाजी काही बोलायच्या आत ताम्हाणे बाई म्हणाल्या, "सापडतील, डॉक्टर. मी सरांना मदत करते शोधायला."

बाईंनी कसला शोध लावला ते मी आता माळ्यावर बसून बघत होतो. दाजींनी त्या उन्हाळ्यात सात चित्रं 'शोधली' होती.

मी चित्र परत द्यायला गेलो आणि तेव्हा ते धड बघितलं. सांगायला लाज वाटते, पण हात आखडला. चित्रात आमचाच घाट होता आणि नव्हताही. पायऱ्यांच्या नुसत्या पट्ट्या झाल्या होत्या, काळसर, विटकरी, एक ओली करडी. गडाचा त्रिकोण वर एक आणि पाण्यात उलटा एक. वरचा कातीव, खालचा तसाच, पण किंचित हललेला, आत्ताच कुणीतरी नदीत हात बुचकळून काढल्यासारखा. मध्ये पिवळ्याची एक तिरीप. तो पिवळा मी जन्मभर हातांनी चाळलाय, हळकुंड फोडल्यावर गाभ्यात असतो तो. दोन्ही बाजू सारख्या खऱ्या, पण ह्यांची घडी घालता आली नसती. घातली असती तर हाताला पाणी लागलं असतं.

"दाजी," मी म्हणालो, "हे चांगलं आहे हो."

"आहे ना?" त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले. "मलाही कळंना हे कुठनं आलं. खोटं करायचं म्हणून घाटावर जाऊन बसलो. तीस वर्षांनी पाण्याकडं बघितलं. हणमंतराव, पाण्यात सगळं सारखं दिसतं म्हणतात, पण सारखं नसतं. खालचं जिवंत असतं." एवढं बोलून त्यांनी लेंड्यांची पुडी परत पुढं ओढली.

संध्याकाळी मी आक्काकडं गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"चित्रं ठाऊक होती. उन्हाळाभर मीच छत्री धरून उभी होते की घाटावर. साल परवा बघितलं." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "हणमंता, हा माणूस त्या दिवसांत न्हाणीत गाणं म्हणायचा. पिठलं मागून घ्यायचा. मला म्हणायचा, इंदे, बघ बघ, पाण्यात देऊळ वाकलं. चाळीस वर्षांत मला कधी बघ म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता सुटला चौकोनातनं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. म्हटलं, सात त्यांना दिलीत, दिलीत. आठवं काढाल ते आपलं ठेवा. त्याच्यावर यंदाचं साल घाला."

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

आक्कानं त्या होकारावर सगळा भार टाकला होता, हे तिच्या आवाजातच कळलं.

थंडीत मुंबईला प्रदर्शन झालं. मी आक्काला घेऊन गेलो. गार हवेची यंत्रं, पायाखाली गालिचा, हातात नाजूक पेले घेतलेली माणसं. मधल्या भिंतीवर आमच्या गोदामातली सात चित्रं अशी उजळली होती की दोन्ही अंगांची चित्रं आजारी दिसत होती. एक गृहस्थ तर एका चित्राच्या पाठीमागं वाकून नाक लावून आले आणि बायकोला म्हणाले, "काय जुना वास आहे!" मी तोंडावर रुमाल धरला.

टिपणीस बोलायला उभे राहिले. माणूस मनापासून बोलत होता.

"एकाहत्तर साली, वयाच्या तिशीत, पिसाळ शिखरावर होते. या सात चित्रांत सममिती श्वास घेते. आकार आहे, पण त्यानं निसर्गाचा हात सोडलेला नाही." मग ते दाजींकडं वळले. "यानंतर तीस वर्षं त्यांनी जे केलं ते नेटकं आहे. पण मित्र म्हणून खेदानं सांगतो, ते या सातांची सावली आहे. शिखर दिसलं, आणि ते उतरून गेले."

टाळ्या पडल्या. दाजीही वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांचे हात मध्येच थांबले. आपल्याच तीस वर्षांवर आपणच टाळ्या वाजवतोय, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

नंतर त्यांनी ताम्हाणे बाईंना खांबाआड गाठलं. मी जवळच होतो.

"बाई, मी हे अजून करू शकतो. करतोय. घरी आठवं सुरू आहे."

"छान!" बाई गोड हसल्या. "पण बाहेर दाखवू नका हं, सर. तुम्ही हे एकाहत्तर सालीच सोडलंय ना?"

"पण बाई, मी हे आत्ता..."

"सर. तुमचे चौकोन लोकांना आवडतात. ते करत राहा."

तीन-चार आठवड्यांनी टिपणीस वाईला आले. एकाहत्तर साली पिसाळ जिथं बसायचे तो घाट त्यांना बघायचा होता. बाईही होत्याच, टिपणिसांना एकटं सोडायची त्यांची आता छाती नव्हती. घाट बघून झाला. टिपणिसांनी एका पायरीवर हात ठेवून डोळे मिटले. परटिणीनं आम्हाला हटकलं, "कुणाचं दिवस घालताय काय वो?" मग सगळे घरी आलो.

आठवं चित्र समोरच लाकडी घोडीवर होतं. आक्कानं झाकू दिलं नव्हतं. ते सातांपेक्षा सरस होतं, हे मी हळद पारखणारा माणूस सांगतो. घाट आता जवळजवळ उरलाच नव्हता. फक्त दोन आकार, वर आणि खाली, आणि मध्ये पाण्याची एक ओळ, ती सगळं धरून होती. खाली सही. सहीशेजारी चालू साल, ओलं.

टिपणीस चित्राशी वाकले. पुढं गेले, मागं आले, चष्मा पुसला.

"हे कधीचं?"

"आत्ताचं," आक्का म्हणाली. तिनं पदर सावरला. लग्नातसुद्धा ती एवढी ताठ उभी असल्याचं मला आठवत नाही.

"पिसाळसाहेब, रागावू नका." टिपणिसांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुमचा शत्रू नाही. पण हे करू नका. माणसानं आपलीच नक्कल करू नये. एकाहत्तरला ही रेघ थरथरत होती. इथं ती थरथरण्याचं सोंग करतेय. तो हात गेला हो. जाऊ द्या त्याला."

बाई मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"साहेब," आक्का म्हणाली, "ती सातही गेल्या उन्हाळ्यातलीच आहेत."

"काय म्हणालात, वहिनी?"

"गेल्या उन्हाळ्यातली. मी छत्री धरून उभी होते ह्यांच्या डोक्यावर. त्याच हातानं हेही काढलंय. हात कुठं गेला नाही साहेब, हा काय, इथंच आहे."

टिपणीस हसले. वाईट हसले नाहीत, तेच वाईट होतं. म्हाताऱ्या आत्याला हसावं तसं हसले. "वहिनी, नवऱ्यावरची माया मी समजू शकतो. पण चाळीस वर्षं चित्रं बघतोय मी. तिशीतला हात आणि साठीतला हात मला कळतो." मग, नुसतं रीतीला म्हणून, ते दाजींकडं वळले. "काय हो पिसाळसाहेब?"

दाजींनी आधी आक्काकडं बघितलं. मग बाईंकडं. बाईंनी मोबाइल खाली घेतला होता. आठवं चित्र त्यांच्या पाठीमागं होतं, तिकडं काही ते वळले नाहीत.

"तिला काय कळतंय चित्रातलं," दाजी म्हणाले.

आणि तेवढ्यानं भागलं नाही. "वय झालंय तिचं. हल्ली गोंधळ होतो सालांचा."

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं, उंदरांपासून सुरुवात केली असती. पण आक्काचा हात माझ्या दंडावर आला. "राहू दे, हणमंता. साहेबांना गाडीपर्यंत सोडून ये."

सोडून आलो. आक्का आणि मी जिना चढत होतो तर वरून पट्टीचा आवाज आला. दाजी घोडीसमोर उभे होते, हातात पांढरा रंग कालवलेली बशी. चित्राच्या मधोमध त्यांनी पेन्सिलीनं उभी रेघ आखली होती. आता डावीकडचं माप घेत होते, तेवढंच उजवीकडं घालायला.

"टिपणीस म्हणतात ते खरं आहे," ते आमच्याकडं न बघता म्हणाले. "आपले चौकोनच बरे."

आक्का पुढं झाली, तिनं दोन्ही हातांनी चित्र घोडीवरून उचललं. ओलं चित्र छातीशी धरलं. तिच्या लुगड्याला पिवळा आणि करडा लागला.

"अगं, लुगडं!" दाजी ओरडले.

त्या माणसाला त्या क्षणी लुगडं दिसलं.

"हणमंता, गाडी काढ," आक्का म्हणाली.

आक्का माझ्या घरी राहिली आणि पुढचे आठ-दहा दिवस मी दाजींची वाट बघितली. येतील, मान खाली घालतील, आक्का थोडी फुगेल, मग जाईल, असा माझा हिशेब. माझे हिशेब सहसा चुकत नाहीत. ते आले, पण मुंबईच्या गाडीतून. आत मागच्या सीटवर ताम्हाणे बाईंची पांढरी साडी दिसत होती. त्या उतरल्या नाहीत.

मी ओसरीवर खुर्ची दिली. आतून चहा आला, पाठोपाठ आक्का येऊन दाराशी उभी राहिली.

"बरी आहेस ना?" दाजींनी विचारलं.

"आहे."

"ते चित्र... नीट ठेवलंस ना? घासलं-बिसलं नाही ना?"

आक्कानं पदर खोचला.

"बाईंकडं एक गिऱ्हाईक आलंय. सातांतलं एकही उरलं नाही म्हणून नाराज झालंय. बाई म्हणतात, आठवं माळ्यावर सापडलं म्हणता येईल." त्यांनी बशीत चहा ओतला. "सालाचा आकडा तेवढा बदलला की झालं. टिपणिसांनी बघितलंय खरं, पण बाई म्हणतात त्यांना परत दाखवायचंच नाही. तू आणून दे. मग आपण बसून बोलू आपलं काय ते."

मला वाटलं, आता आक्का रडेल. मग वाटलं, तांब्या फेकेल. मी तांब्या जरा बाजूला सरकवूनही ठेवला.

आक्का अगदी घरगुती आवाजात म्हणाली, "तुम्हाला एकाहत्तर सालचं पाहिजे?"

"हो, म्हणजे..."

"माझ्याकडं आहे ते यंदाचं. आणि यंदा तुम्ही तसलं काढत नाही. हात गेलाय तुमचा. चार माणसांसमोर मोठ्या साहेबांनी सांगितलं, तुम्ही मान डोलावली." तिनं गाडीकडं एकदा बघितलं. "मग हे तुमचं कसं असेल? ज्यानं काढलं तो आला की देईन त्याला."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला, एकदा, मग परत. ते चित्र आपलं आहे म्हणायला त्यांना एकच वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्यांच्या गळ्यात वर आलेलं मी बघितलं, आणि भोंग्याबरोबर खाली गेलेलंही बघितलं.

आक्का आत गेली. तिनं दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं.

दाजी उठले. जाण्याआधी त्यांनी बशी उचलून उरलेला चहा भुरका मारून संपवला, मिशा पुसल्या, आणि गाडीकडं गेले.